ब्रेक दाबताच पुढचे चाक बोलू लागले तर



बैलगाडीचा आस कुरकुरला की आपले वाडवडील वंगण घालत, आणि तेवढ्याने भागले नाही तर बैल सोडून चाक उतरवून पाहात. आता बऱ्याच दारांत बैलगाडीच्या जागी पिकअप उभी आहे. तीही नवी नव्हे, दहा-पंधरा वर्षे चाललेली, दुसऱ्या नाही तर तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. तिचे चाक वाजले तर आपण काय करतो? टेप मोठा करतो. रेडिओवर बोलायला बसलेल्या माणसाने हे सांगू नये, पण गाडीला आवाज असेल तेव्हा चार दिवस टेप बंद ठेवा आणि काच खाली करून गाडी चालवा.

मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर असा माल मी स्वतःच कल्याणच्या बाजाराला नेतो. ओतूर सोडले की पुढे माळशेज घाट लागतो, तो रात्री उतरायचा. २०१७ सालच्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकातून ब्रेक दाबला की ‘खट्’ असा एकच आवाज येऊ लागला. पाय काढला की पुन्हा एकदा ‘खट्’. ब्रेक दाबल्यावर वाजते म्हणजे दोष ब्रेकचाच, असे मी धरून चाललो. गॅरेजवाल्यानेही तेच धरले. दोनदा पॅड बदलून झाले, पैसे गेले, आवाज जागच्या जागी. असे तीन महिने मी टनभर माल घेऊन घाट उतरत होतो. शेवटी मुरबाडच्या बाजूला एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी गाडी उचलून चाक हलवून दाखवले तेव्हा माझे डोळे उघडले. दोष ब्रेकमध्ये नव्हताच. खालचा बॉल जॉइंट झिजून ढिला झाला होता. तो खोबणीतून सुटला असता तर चाक बाहेरच्या अंगाला मुडपून गाडी जागेवर बसली असती, आणि घाटात एका बाजूला दरी.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते. त्या वजनाने पुढच्या चाकाभोवतीचा जो सांधा ढिला असेल तो बोलतो. तेव्हा आवाज ब्रेक दाबल्यावर येतो एवढ्यावरून ब्रेकला दोष देऊ नये. आवाज कसला आहे हे आधी ऐकावे.

बारीक, कानात शिरणारा ‘चीं’ आवाज येत असेल तर बहुधा पॅड संपत आले आहेत. काही पॅडना पत्र्याची एक लहानशी जीभ मुद्दाम ठेवलेली असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून ओरडते. पावसात किंवा गाडी धुतल्यावर सकाळी दोन-चार ब्रेकांपुरती खरखर झाली तर भिऊ नका, डिस्कवर धरलेला गंज निघतो तो. नवे पॅडही सुरुवातीला थोडे कुरकुरतात. पण चीं आवाज रोजचा झाला तर चाक खोलून पाहिलेच पाहिजे. पॅडचा मसाला ३ मिलिमीटरच्या खाली आला असेल तर पॅड बाद समजावेत, आणि ते दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला ओढ घेते.

इथे पुष्कळ जण फसतात. महिनाभर चीं चीं करून आवाज एक दिवस आपोआप बंद होतो आणि आपल्याला बरे वाटते. अहो, ती जीभच झिजून किंवा मोडून गेलेली असू शकते! त्यानंतर येतो तो ‘खर्रर्र’ असा जाडाभरडा आवाज. आता मसाला संपून पॅडची लोखंडी पाटी डिस्कवर घासते आहे. जे काम पॅडच्या जोडीवर भागले असते त्यात आता डिस्कही जाते. शिवाय लोखंडावर लोखंड नीट धरत नाही, गाडी थांबायला अंतर जास्त लागते. असा आवाज असताना माल भरू नये. बाजार एक दिवस चुकला तर चुकू द्या.

पायाखाली पेडल थरथरत असेल, स्टेअरिंग हलत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. घाट उतरून तापलेल्या चाकावर बादलीभर पाणी मारायची सवय आपल्याकडे फार. त्याने डिस्क वाकते, तडकतेसुद्धा. चाक आपोआप निवू द्यावे. तापण्यावरूनही एक खूण मिळते. सपाट रस्त्याने आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन पाहा, लावू मात्र नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा फारच तापलेले असेल तर त्याचा कॅलिपर अडकला आहे, पॅड सुटतच नाही.

ब्रेक नसतानाही ‘घूं’ असा आवाज येत असेल, वेगाबरोबर वाढत असेल आणि वळणावर कमी-जास्त होत असेल, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. आणि सारखा ‘टिक-टिक’ घासता आवाज असेल तर आधी डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकला आहे का ते पाहावे. शेतातल्या वाटेने येणाऱ्या गाडीला हे नेहमीचेच. खडा काढला, काम झाले, पैसा खर्च नाही.

आता त्या मेस्त्रींनी दाखवलेली परीक्षा सांगतो. गाडी सपाट, कठीण जागी उभी करा. गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाजवळ, खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक जमिनीपासून थोडे उचला. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये, चासीखाली लोखंडी घोडी किंवा भक्कम लाकडी ठोकळा सरकवून ठेवावा. मग चाकाला वर एक हात, खाली एक हात धरून आतबाहेर हलवा. हलत नसेल तर चांगले. हलले, खुटखुटले, तर घरच्या कोणाला तरी ब्रेकवर पाय दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक धरल्यावर हलणे बंद झाले तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेकने हब जखडला गेला. ब्रेक धरूनही हलतच राहिले तर बॉल जॉइंट तपासून घ्यावा. खात्रीसाठी टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचलून पाहा आणि सांध्याकडे नजर ठेवा. रबरी टोपण फाटलेले, ग्रीस बाहेर आलेले, आत खुटखुट, अशी लक्षणे दिसली तर गाडी रस्त्यावर काढू नये. माझ्या गाडीत हेच होते. काही जुन्या गाड्यांना पुढेही पाटेच असतात. त्यांत पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट पाहावेत.

चाक हलत नाही आणि तरी ‘खट्’ येतो, मग कॅलिपरचे बोल्ट, त्याच्या सरकत्या पिना आणि आर्मचे बुश पाहावेत. त्या पिनांना साधे ग्रीस लावू नये, ते तापून पातळ होते आणि रबर फुगवते. ब्रेकसाठीचे वेगळे ग्रीस मिळते.

मागच्या चाकांनाही विसरू नका. मागचे लायनर संपले असतील किंवा त्यांवर तेल उतरले असेल तर थांबवण्याचा सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि नवे पॅडही लवकर उडतात. वरचेवर पॅड खाणाऱ्या गाडीची मागची चाके आधी खोलून पाहावीत.

ब्रेक ऑईलच्या डबीत पातळी खाली गेली की आपण वरून ओततो. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, तेव्हा आधी पॅड पाहा. पॅड ठीक असतील तर गळती शोधा. ओतायचे ते बाटलीवर लिहिलेले ब्रेक ऑईलच, आणि डबीच्या झाकणावर जो डॉट क्रमांक असेल त्याच क्रमांकाचे. इंजिन ऑईल चुकूनही नको, आतली रबरे फुगून ब्रेकच जातो. चाकातली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या पॅडांत ॲसबेस्टॉस असू शकते, ते छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

घरीच पॅड बदलले तर दोन गोष्टी. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा. आणि काम झाल्यावर गाडी सुरू करून हलवण्यापूर्वी पेडल चार-सहा वेळा दाबून घट्ट झाले का ते पाहावे. पिस्टन मागे गेलेला असतो, म्हणून पहिला ब्रेक लागतच नाही. एकाची गाडी अशीच गोठ्याच्या भिंतीवर गेलेली मी पाहिली आहे.

नंतर रिकामी गाडी शिवारातल्या रस्त्याने सावकाश फिरवून ब्रेक पाहा. चाकाचे नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा आणि पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा. त्यानंतरच माल भरा.