खुली सभा आणि मतांचे वजन

१५ एप्रिल २०११ रोजी आशिया-पॅसिफिक विभागातील आयपीव्ही-४ पत्त्यांचा साठा अखेरच्या सुमारे १.६८ कोटींवर आला. त्या दिवसापासून लहानमोठ्या प्रत्येक संस्थेस त्यातून कमाल १०२४ पत्ते, असा नियम लागू झाला. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ झाली. मागाहून येणाऱ्यांचा वाटा राखणारे हे धोरण एपनिकच्या खुल्या सभेत सहमतीने ठरले. तेथे कोणासही बोलता येते. बहुमत निर्णायक नसते, गंभीर हरकतीचे निरसन करावे लागते. परंतु धोरणास अंतिम मान्यता देणाऱ्या कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत मोठ्या सभासदांना अधिक मते असतात. सहमतीतील समता मतपेटीपाशी संपते. भारतातील लहान इंटरनेट संस्थांनी संघटितपणे हा प्रश्न त्याच सभेत मांडला पाहिजे.