वीज जोडण्यापूर्वी परिपथाचा सूर ऐका

(लघुउद्योजक, तंत्रज्ञ आणि तंत्रशिक्षण घेणारे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



बाजारात मडके घेताना गृहिणी त्यावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के. बद्द आला तर कुठेतरी तडा. रेल्वेचा कर्मचारी हातोडीने चाकावर ठोका देऊन असाच नाद ऐकत असे. वस्तूवर भार पडण्यापूर्वीच तिचा स्वभाव एका हलक्या ठोक्याने ओळखायचा, हे शहाणपण आपल्याकडे जुने आहे. ते विजेच्या परिपथांना, म्हणजे सर्किटांना, लावता येते का, हा आजचा विषय आहे. उत्तर होकारार्थी आहे. त्या टिचकीचे काम हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा सिग्नल जनरेटर करतो.

अनुस्पंदनाची दोन रूपे

प्रत्येक वस्तूची कंप पावण्याची स्वतःची अशी वारंवारता असते. बाहेरचा हेलकावा तिच्याशी जुळला की अल्प बळानेही कंप वाढत जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. सतारीच्या तरफेच्या तारांना छेडावे लागत नाही. मुख्य तारेवर त्यांचा स्वर उमटला की त्या आपोआप बोलू लागतात. हे झाले रम्य रूप. दुसरे रूप उग्र आहे. १८३१ साली इंग्लंडमधील ब्रॉटन येथील झुलता पूल त्यावरून चाललेल्या सैनिकांच्या तालबद्ध पावलांनी हेलकावू लागला, एक कमकुवत बोल्ट तुटला आणि पूल कोसळला. तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून चालण्याची शिस्त सैन्यात दृढ झाली.

विजेच्या परिपथात हा खेळ इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स या दोन गुणांमध्ये चालतो. गुंडाळी चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवते, कपॅसिटर विद्युत क्षेत्रात. ही ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे ये-जा करू लागली की परिपथ घंटेसारखा वाजतो. रेडिओत हव्या त्या केंद्राचा संदेश वेचण्यासाठी हाच गुण उपयोगी पडतो. इन्व्हर्टर, चार्जर, मोटारीचा ड्राइव्ह यांच्यात मात्र तो घातक ठरू शकतो.

याचे कारण असे की, परिपथात न काढलेली गुंडाळीही तिथे हजर असते. साध्या सरळ तारेच्या दर सेंटीमीटरमागे ढोबळमानाने १० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला एक सेंटीमीटर तार जोडली की ती जोडी सुमारे ५० लाख हर्ट्झला, म्हणजे ५ मेगाहर्ट्झला वाजू लागते. आराखड्यात हे कुठेच दिसत नाही. म्हणूनच दुसऱ्याच्या यंत्राचा आराखडा जसाच्या तसा उतरवला तरी यंत्र तसेच वागेल याची खात्री नसते. आराखडा उतरवता येतो. तारेची लांबी, वळण आणि जोडणी प्रत्येकाची वेगळी.

या यंत्रांतील मॉसफेट किंवा आयजीबीटी हे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. त्यांची प्रत्येक उघडझाप म्हणजे एकेक ठोकाच. ठोका जितका झटपट, तितक्या उंच वारंवारता तो जागवतो.

बोअरवेलमधील मोटार

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आणि महाराष्ट्राची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये सुरू झाली. सौर पंपाचा कंट्रोलर पॅनेलची डीसी वीज स्विचिंगने एसी मोटारीजोगी करतो. पॅनेल जमिनीवर, मोटार बोअरवेलच्या तळाशी, आणि मधे कदाचित १०० मीटर केबल.

केबलमधून विजेची लहर ढोबळमानाने प्रकाशाच्या निम्म्या वेगाने जाते. १०० मीटर जायला तिला मायक्रोसेकंदाचा दोन तृतीयांश भाग लागतो. स्विचची उघडझाप त्याहून जलद असेल, तर मोटारीच्या टोकाला लहर आदळते, परत फिरते आणि तेथील व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होऊ शकते. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावरील ड्राइव्हमध्ये आतील डीसी व्होल्टेज सुमारे ५८७ असते. मोटारीला मात्र क्षणभर ११७० च्या आसपास सोसावे लागते. वेटोळ्यांचे इन्सुलेशन या मारापुढे झिजत जाते. मोटार जळण्याची कारणे अनेक आहेत. पण ऐन पाण्याच्या पाळीला मोटार जळते, रिवाइंडिंग होते आणि ती पुन्हा जळते, तेव्हा या कारणाचीही चौकशी व्हायला हवी. दोष तांब्याचा नसेल, केबलच्या सुराचा असेल.

हा सूर मोजता येतो. पुरवठा तोडावा आणि कंट्रोलरपासून केबल सोडवावी. जनरेटर सुमारे १०० ओहमच्या रोधातून केबलला जोडून वारंवारता हळूहळू वाढवत न्यावी. शंभर मीटरच्या केबलमध्ये सुमारे ३७५ किलोहर्ट्झला जवळच्या टोकाचे व्होल्टेज खाली बसलेले ऑसिलोस्कोपवर दिसेल. त्याच वेळी तळाशी ते उसळलेले असते. म्हणजे बोअरवेलमधून मोटार वर काढायचीही गरज नाही. निदान झाले की कंट्रोलरच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवर योग्य फिल्टर बसवून ठोक्याची धार बोथट करता येते.

टिचकी मारण्याची रीत

कंट्रोलरच्या आतल्या परिपथाची तपासणीही याच तत्त्वावर होते. मात्र पहिला नियम जिवाचा: वीज बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर भारित राहतात. ते रोधातून रिकामे करावेत आणि मीटरने खात्री करूनच हात लावावा. बॅटरीवरील जनरेटरचा फायदा हा की त्याचा घरगुती विजेच्या अर्थिंगशी संबंध येत नाही; त्यामुळे मापनात भलत्या वाटा शिरत नाहीत.

स्विचच्या दोन टोकांवर मोठ्या रोधातून संकेत द्यावा आणि तिथेच स्कोपचा प्रोब लावावा. वारंवारता वाढवताना जिथे व्होल्टेज उसळते तो परिपथाचा सूर. समजा तो २० मेगाहर्ट्झला मिळाला. आता तिथे माहितीचा छोटा कपॅसिटर जोडावा आणि तो बदलत जावा, सूर बरोबर निम्म्यावर, १० वर येईपर्यंत. वारंवारता निम्मी व्हायला कपॅसिटन्स चौपट व्हावा लागतो. म्हणून मूळचा दडलेला कपॅसिटन्स जोडलेल्याच्या एक तृतीयांश. ३०० पिकोफॅरड जोडले असतील तर दडलेले १००. त्यावरून दडलेला इंडक्टन्स सुमारे ६३० नॅनोहेन्री निघतो, आणि कंप शमवणाऱ्या स्नबरचा रोध सुमारे ८० ओहमपासून सुरू करावा हेही कळते. जिथे अंदाजाने रोध बदलत दिवस जातो, तिथे गणिताच्या चार ओळी पुरतात.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. स्विचचा स्वतःचा कपॅसिटन्स व्होल्टेजबरोबर घटतो. त्यामुळे यंत्र चालू असताना सूर वर सरकतो. टिचकी वाट दाखवते. शेवटची खात्री चालत्या यंत्रावर, योग्य प्रोब वापरूनच करावी लागते.

जे बोर्डावर, तेच जाळ्यावर

हाच नियम मोठ्या व्यवस्थेलाही सोडत नाही. १००० केव्हीएचा, ५ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याची शॉर्ट सर्किट क्षमता २०,००० केव्हीए. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी कारखान्याने ४०० केव्हीएआरचे कपॅसिटर लावले, तर भागाकार ५० आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ७. म्हणजे ५० हर्ट्झच्या सातपटीला, ३५० हर्ट्झला, अनुस्पंदन. आणि नेमका सातवा हार्मोनिक साध्या ड्राइव्हमधून बाहेर पडतो. वीजबिल वाचवण्यासाठी लावलेले कपॅसिटरच मग फुगतात. त्यांना मालिकेत ७ टक्क्यांचे रिअॅक्टर जोडले की त्यांचा सूर १८९ हर्ट्झवर येतो आणि धोका टळतो. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिक परिसरात कन्व्हर्टरवर चालणारी अनेक आधुनिक रेल्वे इंजिने हार्मोनिक्स मर्यादेबाहेर गेल्यामुळे आपोआप बंद पडली होती. प्रत्येक इंजिन सुटे पाहता निर्दोष होते. सगळी मिळून जाळ्याच्या सुरात सापडली.

बंधुभगिनींनो, एकेकाळी असे मापन मोठ्या प्रयोगशाळांपुरते होते. २०१९ पासून नॅनोव्हीएनएसारखी खिशात मावणारी, वारंवारतेचा आलेख स्वतःच काढून देणारी साधने सामान्य तंत्रज्ञाच्या आवाक्यात आली आहेत. उणीव साधनाची नाही, सवयीची आहे. कार्यशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नमुन्याचा सूर वहीत नोंदवावा. दुरुस्तीला आलेल्या कंट्रोलरबरोबर केबलची लांबी विचारावी. तंत्रशिक्षणाच्या वर्गात सूत्र फळ्यावर लिहिल्यावर विद्यार्थ्याच्या हाती प्रोब द्यावा. यंत्र जळाल्यावर कारण शोधणारा तंत्रज्ञ हवाच. पण शेतकऱ्याचा हंगाम वाचतो तो जळण्याआधी कारण शोधणाऱ्यामुळे.