पावसाळी नाल्यात मे महिन्यात काय वाहतं?

मुंबईच्या पोटात दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. मलवाहिन्यांतलं पाणी प्रक्रिया केंद्राकडे जातं, पर्जन्य जलवाहिन्यांतलं मात्र थेट खाडीत किंवा समुद्रात. निदान कागदावर तरी त्या वेगळ्या आहेत. ज्या वस्त्यांपर्यंत मलवाहिनी पोहोचलीच नाही, तिथलं सांडपाणी जवळच्या नाल्यात उतरतं. म्हणून तर ऐन मे महिन्यात, आभाळात ढग नसताना, नाले वाहताना दिसतात. मिठी नदी हेच पाणी माहीमच्या खाडीत नेते.

पहिला जोरदार पाऊस तर रस्त्यावर साचलेलं तेल, टायरची भुकटी, धूळ, प्लास्टिक असं सगळं एका झटक्यात धुऊन नेतो.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि जुन्या वाहिन्यांची क्षमता ताशी 25 वरून 50 मिलिमीटरपर्यंत नेण्याच्या कामाला वेग आला. हाजी अली, ईर्ला इथली उदंचन केंद्रं भरतीच्या वेळीही पाणी समुद्रात ढकलतात. शहर तुंबू नये यासाठी ती हवीतच. पण पाण्याबरोबर घाणही तितक्याच वेगानं जाते!

नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या लावल्या, तर तरंगता कचरा अडतो. विरघळलेला मैला त्यातून आरपार जातो. त्यासाठी कोरड्या दिवसांतला प्रवाह अडवून मलवाहिनीकडे वळवावा लागतो आणि मलवाहिनी वस्तीपर्यंत न्यावी लागते. चिंचोळ्या गल्ल्यांत खोदायला जागा नसते, त्यामुळे नेमकं हेच काम सर्वांत जास्त रेंगाळतं.