जंगलाचा मालक आणि जंगलाचे गिऱ्हाईक

(वरोरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी मला वनहक्क कायदा हा विषय देण्यात आला आहे. कायद्याची कलमे वाचून दाखवायची असतील तर ते काम एखादा वकील माझ्यापेक्षा चांगले करील. मी थोडे मागून सुरुवात करणार आहे, आणि तीही एकाच शब्दापासून. तो शब्द म्हणजे निस्तार. पुण्या-मुंबईच्या कार्यकर्त्यांना तो समजावून सांगावा लागतो. जुन्या चांदा जिल्ह्याच्या या टोकाला तशी गरज नाही. चुलीचे जळण, कुंपणाचे काटे, घराच्या बल्ल्या, वखराचे लाकूड, बांबू, गुरांची चराई, मोहफुले, डिंक, तळ्याचे पाणी या गोष्टी गावाने घरगुती गरजेपुरत्या, कोणाच्या दारात हात न पसरता वापरायच्या, याचे नाव निस्तार. ही नुसती रूढी नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, केवळ विदर्भापुरते एक स्वतंत्र प्रकरण आहे. गावोगावचे निस्तारपत्रक जिल्हाधिकाऱ्याने रहिवाशांची इच्छा जाणून घेऊन तयार करावे आणि गावाच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जात नोंदवाव्या, असे त्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. उर्वरित महाराष्ट्राला हे प्रकरण लागूच नाही. त्यामुळे मंत्रालयातल्या अनेकांना ते ठाऊक नसते, आणि ज्यांना ते ठाऊक असायला हवे त्या आपल्या तालुक्यांतही निस्तारपत्रक कोणी उघडून पाहत नाही.

या जुन्या व्यवस्थेचे मला गोडवे गायचे नाहीत. मालगुजार हा काही संत नव्हता. बेगार होती, नजराणे होते, गावातल्या खालच्या मानलेल्या जातींना जंगलातही खालचेच स्थान होते. तरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मालगुजाराच्या मालकीला वहिवाटीचा बांध होता. जंगल त्याचे म्हणवले जाई, परंतु गावाचे जळण त्याला तोडता येत नसे. तोडले तर चार माणसे त्याच्या वाड्यावर जाऊन जाब विचारू शकत. मालक वाईट असेल, पण तो डोळ्यांसमोर होता.

मध्य प्रदेशात १९५० साली मालकी हक्क नष्ट करणारा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांची जंगले, तळी, पडीत जमिनी सरकारजमा झाल्या. त्या वेळी पुरोगामी मंडळींना आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण त्या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. मालगुजाराकडून काढून घेतलेले जंगल गेले कोणाकडे? गावाकडे ते आले नाही. ते गेले वनखात्याकडे, आणि वनखाते चालत होते १९२७ च्या भारतीय वन अधिनियमावर, म्हणजे इमारती लाकडाचा महसूल डोळ्यांसमोर ठेवून इंग्रजांनी केलेल्या कायद्यावर. मालकाचा वाडा गावातून उठून आधी नागपूरला गेला आणि १९५६ नंतर मुंबईला. वाड्यावर जाऊन जाब विचारण्याची सोय संपली.

बदल एका रात्रीत झाला नाही, म्हणून तो जाणवलाही उशिरा. आधी भाषा बदलली. हक्काच्या जागी सवलत हा शब्द आला. सवलतीला परवाना लागला. परवान्याला मुदत आली, मुदतीनंतर दर आला, आणि अखेरीस निस्तार डेपो आला. ज्या जंगलातून आजी मोळी आणत होती, त्याच जंगलाचे लाकूड नातवाने डेपोवर पैसे भरून घ्यायचे, आणि डेपोत बीट शिल्लक नसेल तर प्रेत घरात ठेवून सरणासाठी वणवण करायची. गाव आता जंगलाचे गिऱ्हाईक झाले. गिऱ्हाइकाचे एक वैशिष्ट्य असते. ते कुरकुर करते, भांडते, प्रसंगी निवेदनही देते. पण त्याची सारी कुरकुर दराबद्दल आणि मालाबद्दल असते. दुकान कोणाचे आणि ते कोणाच्या निर्णयाने चालते, हे विचारण्याची त्याला सवय राहत नाही. आपल्या पक्षाच्या जुन्या निवेदनांच्या फायली चाळून पाहा. बिटाचा दर कमी करा, डेपो लवकर उघडा, कोटा वाढवा, अशाच मागण्या पानोपानी सापडतील. मागण्या खऱ्या होत्या, पण गिऱ्हाइकाच्या होत्या.

यात सर्वांत कडू कहाणी बांबूची आहे. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ साली स्थापन झाली. कागदाला बांबू लागतो, म्हणून सरकारने जंगलेच्या जंगले दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबूतोडीसाठी गिरणीला दिली. इकडे बुरूड समाजाचे काय झाले? सूप, टोपली, परडी, ताटवा विणून पोट भरणारा हा माणूस. त्याला हवा असतो हिरवा, लांब पेराचा, सोलला तर न तुटणारा बांबू. त्याच्यासाठी कार्ड, कोटा, डेपो आणि डेपोवर उरलेला वाळका माल. आणि कायद्याची गंमत पाहा. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते, १९२७ चा अधिनियम २०१७ पर्यंत त्याला झाड म्हणत होता. झाड ठरले की ते खात्याचे, गवत ठरले असते तर कदाचित गावाचे झाले असते. एका व्याख्येवर हजारो घरांची चूल अवलंबून राहिली.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. कारवार जिल्ह्यात दांडेलीच्या कागद गिरणीला कर्नाटक सरकारने टनाला दीड रुपया दराने बांबू दिला होता. टोपल्या विणणाऱ्यांना तोच बांबू बाजारात हजारोंच्या भावाने पडे. त्यांनी ओरड केली तेव्हा बांबूची बेटे का नष्ट होत आहेत, हे शोधण्याचे काम माधव गाडगीळ यांच्याकडे आले. गिरणीचे म्हणणे असे की दोष गावकऱ्यांचा आणि त्यांच्या गुरांचा. गाडगीळांनी प्रत्यक्ष बेटे पाहिली, तेव्हा निराळेच दिसले. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जे नैसर्गिक कुंपण असते, ते साफसफाई म्हणून काढून टाकले जात होते. त्यामुळे कोवळे कोंब उघडे पडत आणि जनावरे ते खाऊन टाकत. गावकरी मात्र बुडाचे काटे कधी काढत नसत. शास्त्रीय व्यवस्थापन कोणाचे आणि अडाणीपणा कोणाचा, हे आपणच ठरवावे.

आता मेंढा. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे शंभरेक घरांचे गोंड गाव. १९८४ साली इंचमपल्ली आणि भोपालपट्टनमच्या धरणांविरुद्ध जंगल बचाव, मानव बचाव आंदोलन उभे राहिले, त्यातून हे गाव जागे झाले. देवाजी तोफा हे गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून येऊन गावाबरोबर राहिलेले, ही दोन नावे आपणांस परिचित आहेत. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार आहे, पण आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. घोषणा आपणही पुष्कळ देतो. मेंढ्याचे वेगळेपण घोषणेत नव्हते, ते अभ्यासगटात होते. गाव बसून वाचत असे, कागद समजून घेत असे, बाहेरच्या माणसाला बोलावून प्रश्न विचारत असे, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेत असे. एकाची हरकत असेल तर निर्णय थांबे. आपल्यासारख्या बैठकीत हात वर करून ठराव संमत करणाऱ्यांना ही पद्धत फार संथ वाटते. ती संथ आहेच. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गिरणीसाठीची बांबूतोड आपल्या जंगलात गावाने अडवली, तेव्हा फुटायला एकही माणूस मिळाला नाही, हे त्या संथपणाचे फळ होते.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि २००८ च्या आरंभी त्याचे नियम आले. या कायद्याच्या तिसऱ्या कलमात निस्तार हा आपला शब्द जसाच्या तसा आहे. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचे नाव आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. नुसता वापर वेगळा आणि व्यवस्थापन वेगळे. वापराची परवानगी गिऱ्हाइकालाही मिळते. मेंढ्याला डिसेंबर २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील हक्काचा लेख मिळाला. मेंढा आणि शेजारचे मर्दा ही देशातील या प्रकारची पहिली गावे.

लेख मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागे आणि तो खात्याच्या हातात. खाते म्हणे, बांबू हे झाड आहे. कायदा म्हणे, गौण वनोपज आहे. दोन वर्षे म्हणता म्हणता गेली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. एका पुस्तकासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला. मालकी कुठे मुरलेली असते हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. ती सातबाऱ्यावर नसते, ती परवान्याच्या शिक्क्यात असते. शिक्का सोडणे खात्याला किती जड जाते, हे पुढेही दिसले. २०१४ मध्ये राज्याने ग्रामवनांचे जे नियम काढले, त्यांत समिती गावाची आणि लगाम खात्याचा अशी रचना होती. वनहक्क कायद्याने दिलेले दुसऱ्या दाराने परत नेण्याचा तो प्रयत्न आहे, अशी टीका झाली आणि ती रास्त होती.

आपल्याच जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ साली त्या ग्रामसभेला हजारेक हेक्टरांवर हक्क मिळाला. त्यांनी बांबू विकला, रोजगार उभा केला. पण मला त्यांचा दुसरा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. तेंदूपान तोडायचेच नाही, असे त्यांनी ठरवले. पानासाठी फांद्या छाटल्या जातात, नवी पालवी यावी म्हणून आगी लावल्या जातात, आणि मग तेंदूचे फळ ना माणसाला मिळते ना पाखराला. उन्हाळ्यातील रोख उत्पन्न सोडून देणे हा गरीब गावासाठी लहान निर्णय नाही. गिऱ्हाईक असा निर्णय घेऊ शकत नाही. ठेकेदार घेणार नाही. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लावल्या, त्यानेही कधी घेतला नाही.

गॅरेट हार्डिन या अमेरिकन लेखकाने १९६८ साली असे मांडले की सर्वांचे कुरण हे अखेर उजाडच होणार. सरकारी मालकीचे आणि खासगी मालकीचे, दोन्ही पुरस्कर्ते हे वाक्य वापरत आले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील कुरणे, पाटबंधारे आणि मच्छीमारीची ठिकाणे तपासून दाखवले की जिथे वापरणारेच नियम करतात आणि पाळले जातात की नाही ते पाहतात, तिथे अशी संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी मेंढ्याला हक्कलेख मिळाला, हा निव्वळ योगायोग. हार्डिन यांनीही पुढे कबूल केले की आपण बिनव्यवस्थापनाच्या कुरणाबद्दल बोलायला हवे होते.

समाजवादी कार्यकर्त्यांपुढे यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. सरकारी मालकी म्हणजे सामाजिक मालकी, हे समीकरण आपल्या विचारपरंपरेत फार सहज रुजले. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. ते आवश्यक होते, खाण कामगाराची स्थिती त्यामुळे सुधारली. पण खाणीशेजारच्या गावाने, ज्याच्या विहिरीचे पाणी उतरले आणि ज्याच्या शेतावर मातीचे डोंगर उभे राहिले, त्याने मालकाला प्रश्न विचारायचा तर कोणत्या खिडकीवर? माजरी-भद्रावतीच्या गावांना याचे उत्तर विचारून या. खासगीकरणाला विरोध करताना आपण सरकारी दुकानाचे वकील होऊन बसलो, तर लोक आपल्याला त्या दुकानाचाच माणूस समजतील.

आणि हाच प्रश्न ग्रामसभेलाही विचारावा लागेल. ग्रामसभा मालक झाली म्हणून ती आपोआप न्यायी होत नाही. तेंदूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करू लागल्या, तेव्हा काही ठिकाणी चांगला भाव मिळाला, काही ठिकाणी ठेकेदाराकडे मजुरांचे पैसे अडकले, आणि करारावर सही कोणी, कोणाला विचारून केली, याचे उत्तर गावातच मिळेना. हिशेब शिकलेल्या दोन तरुणांच्या हाती जातो आणि सभेत स्त्रिया मागे बसतात. ग्रामसभेने सगळा बांबू निविदा काढून बाहेरच्या व्यापाऱ्याला दिला, तर शहराच्या कडेला राहणाऱ्या, कोणत्याच ग्रामसभेचा सदस्य नसलेल्या बुरुडाला गिरणी काय आणि ग्रामसभा काय, सारखीच. त्याचा वाटा आधी बाजूला काढून मगच विक्री करावी, अशी मागणी आपण ग्रामसभांपुढे ठेवली पाहिजे. ती ऐकून काही मित्र नाराज होतील, हे मी गृहीत धरतो.

आता वरोऱ्याचे काम. गडचिरोलीत झाले ते येथे कसे होणार, असे काल एकाने विचारले. आपल्या तालुक्यात आदिवासी थोडे, कुणबी, माळी, ढिवर, दलित अधिक. हा कायदा इतर पारंपरिक वननिवासींनाही लागू आहे, मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ही अट जाचक आहे, आणि तिच्यामुळे कित्येक गावे दावाच करत नाहीत. पण नियमांनी पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही मान्य केले आहेत, आणि सामूहिक दाव्यासाठी निस्तारासारखे पूर्वापार हक्क हाच पुरावा आहे. जे निस्तारपत्रक आपण उघडून पाहत नाही, त्याच्यात गावाची बाजू लिहिलेली आहे.

म्हणून येत्या तीन महिन्यांत प्रत्येकाने एकेक गाव घ्यावे. तहसील कार्यालयातून निस्तारपत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागावी. ती गावात मोठ्याने वाचावी. ज्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या वाटा, चराईच्या हद्दी आणि देवस्थाने आठवतात, त्यांचे जबाब आधी लिहून घ्यावेत, कारण ती माणसे फार दिवस राहणार नाहीत. ग्रामसभा बोलावून वनहक्क समिती निवडावी, तिच्यात स्त्रिया नावापुरत्या नकोत. निस्ताराच्या हक्कांसाठी ब नमुना आणि जंगलाच्या व्यवस्थापनासाठी क नमुना, असे दोन्ही भरावेत. नुसता ब भरून थांबणारी गावे मी पाहिली आहेत. नमुन्यांच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आता तुमचे प्रश्न घेऊ.