वाऱ्यातला गावाचा वाटा



आज पवनचक्क्यांविषयी बोलायचं आहे, आणि माझ्या बोलण्याचा रोख पैशावर राहील. साताऱ्यात या विषयाला प्रस्तावना लागत नाही. चाळकेवाडीचा सडा, वनकुसवड्याचं पठार आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जून लागला की तिथे उभं राहवत नाही असा वारा सुटतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत वर्षातल्या विजेचा मोठा वाटा तयार होऊन जातो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून पहिलं काम जागा शोधण्याचं. तिथे मनोरा उभारून किमान वर्षभर वारा मोजतात. प्रत्यक्ष वारा अंदाजापेक्षा 10 टक्के मंद निघाला, तर शक्ती 27 टक्क्यांनी घटते. वीज अगदी त्याच प्रमाणात कमी होत नाही, पण कर्जाचा हप्ता तसूभरही कमी होत नाही. आणि प्रकल्पाचा साधारण 70 टक्के पैसा कर्जाचाच असतो. तेव्हा बँक सरासरीवर विसंबत नाही. दहापैकी नऊ वर्षं जेवढी वीज मिळेल, तेवढीच धरून कर्ज देते.

आता आपल्या सड्यांवर चक्क्या आल्या कशा ते बघा. आयकराच्या नियमात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा मिळत होता. 5 कोटींचं यंत्र घेतलं की 4 कोटी नफ्यातून वजा. कराचा दर 35 टक्के धरला, तर 1 कोटी 40 लाखांचा कर त्या वर्षी वाचला. ज्यांचा विजेशी काही संबंध नव्हता अशा उद्योगांनी मार्चअखेरीपूर्वी चक्क्या घेतल्या. या सवलतीमुळे देशात हा उद्योग उभा राहिला, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण तिच्यात यंत्र विकत घेण्याचं बक्षीस होतं, ते नीट चालवण्याचं नव्हतं. 2009 मध्ये केंद्राने तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे चालवणाऱ्याची कदर झाली. पुढे 2017 मध्ये लिलाव आले. फेब्रुवारीत युनिटचा दर 3 रुपये 46 पैसे निघाला, ऑक्टोबरात 2 रुपये 64 पैसे. ग्राहकाला हे चांगलंच. मात्र एवढ्या घासाघाशीत कंपनी काटकसर कुठे करणार? पोलादाचे भाव तिच्या हातात नाहीत, व्याजही नाही. हात आखडता घेता येतो तो जमिनीच्या मोबदल्यात आणि गावाला द्यायच्या गोष्टींत.

नव्या यंत्रांचा आवाकाही ध्यानात घ्या. 144 मीटर व्यासाचं चक्र फिरतं तेव्हा ते आकाशातला सुमारे 4 एकर वारा कवेत घेतं. पायाला लागणारी जमीन त्या मानाने थोडी. पण 70 मीटर लांबीचं एकेक पातं डोंगरावर न्यायला वळणं रुंद करावी लागतात, क्रेनसाठी जागा सपाट करावी लागते, तारा दुसऱ्यांच्या शेतांवरून जातात. ज्याच्या जमिनीत खांब, त्याला पैसे. ज्याच्या बांधावरून ट्रेलर गेला, त्याला किती आणि कोणी द्यायचे, याचा व्यवहार बहुधा मध्यस्थाच्या खिशातून होतो. अशा अंधाऱ्या व्यवहारात गुंडगिरी शिरते. 9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, आणि पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली खंडणी त्या प्रकरणाच्या आरोपपत्रात आली. स्वच्छ विजेच्या गप्पा मारताना हे नाव मला विसरता येत नाही.

माणसांचा हिशेब असा, तर बाकीच्या जिवांचा कुठला! 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या अधिसूचनेतल्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीतच. चाळकेवाडीवर काय घडलं ते आपल्याला कळलं, कारण मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी ते अभ्यासलं. त्यांचा निबंध 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चारपटीने कमी आढळले. पक्षी हटले म्हणून गळ्याचा रंगीत पंखा फुलवणारे सरडे वाढले. पण ते कृश होते, आणि माणूस जवळ आला तरी लवकर पळत नव्हते. भीतीच ओसरली होती. चक्की उभारण्याआधी अशी पाहणी सक्तीची असती, तर काही खांब शंभर पावलं सरकवता आले असते का, हा प्रश्न तरी कोणी विचारला असता.

मग करायचं काय? डेन्मार्कमध्ये शेजाऱ्यांनी मिळून चक्क्या विकत घेण्याची परंपरा जुनी. तिथल्या कायद्याने 2009 पासून नव्या प्रकल्पाचे किमान 20 टक्के हिस्से साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करणं बंधनकारक केलं. पुढे त्यात बदल झाले. आपण म्हणू, तिथली माणसं श्रीमंत. पण प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून साखर कारखाना उभा केला, तेव्हा तिथला शेतकरी श्रीमंत नव्हता. सहकाराचे पुढे जे धिंडवडे निघाले ते मला माहीत आहेत. तरीही डोंगरी गावाला वाऱ्यात भागीदारी मागण्याचा दुसरा सरळ मार्ग मला दिसत नाही. एका मेगावॉटला 7-8 कोटी लागतात. गाव एकट्याने ते उभे करू शकणार नाही. जिल्हा बँक, सरकारची हमी आणि कंपनी यांच्या जोडीने दहा टक्के हिस्सा तरी घेता येईल.

वेळ आत्ताच आहे. सड्यांवरची काहीशे किलोवॉटची पहिली यंत्रं म्हातारी झाली आहेत. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने जुन्या चक्क्या काढून नव्या उभारण्याचं धोरण सुधारलं. वाऱ्याच्या सर्वांत चांगल्या जागा त्या जुन्या यंत्रांनी अडवल्या आहेत, म्हणजे कंपन्या परत येणार. त्या येतील तेव्हा वाऱ्याच्या मोजणीचे आकडे, वीजखरेदीचा करार आणि रस्त्या-तारांच्या मोबदल्याचा तक्ता ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा, अशी मागणी करा. हिस्स्याचं बोलणं त्याच सभेत काढा, ठराव होण्याआधी.