पहिल्या सलाईनचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आरोग्यावरील खर्चाची चर्चा आपण बहुधा अंदाजपत्रकातील तरतुदींवरून करतो. आज ती मी केमोथेरपीच्या पहिल्या पंधरवड्यावरून करू इच्छितो.

जालन्याच्या पोलाद कारखान्यात कंत्राटदाराकडे काम करणारा 22 वर्षांचा एक तरुण कल्पनेत आणा. मानेवर गाठ येते, संध्याकाळी ताप चढतो, वजन घटते. अशा वेळी प्रथम क्षयाची शंका घेतली जाते आणि त्यात कित्येकदा आठवडे जातात. अखेर गाठीचा तुकडा तपासला जातो आणि हॉजकिन्स लिम्फोमाचे निदान होते. हा कर्करोग तरुणांना गाठतो. परंतु वेळेवर व पुरे उपचार झाले तर यातील बहुसंख्य रुग्ण बरे होतात. या ‘पुरे’ शब्दातच आपला प्रश्न दडलेला आहे.

चार औषधे, दर पंधरा दिवसांनी, रोग पसरलेला असल्यास सुमारे सहा महिने, ही त्याची रूढ पद्धती. यांपैकी व्हिनब्लास्टिन हे आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते. ही औषधे जुनी आहेत. त्यांच्यावर आज कोणाची मक्तेदारी नाही आणि ती आपल्या देशात तयार होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेशही आहे. मग गरिबाचा उपचार अर्ध्यावर का तुटतो?

पहिले दिवस पाहू. सलाईनमधून लाल रंगाचे औषध शिरेत जाते. लघवी लाल होते. आधी कोणी सांगितले नसेल तर मुलगा रक्त समजून घाबरतो. दोन-तीन दिवस मळमळ राहते, अन्नाची वासना उडते. काही औषधांनी पितृत्वाची क्षमता धोक्यात येऊ शकते, म्हणून उपचारापूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याविषयी बोलणे झाले पाहिजे. बापासमोर मुलगा हा प्रश्न उच्चारीत नाही, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो विचारण्यास डॉक्टरांनाही अनेकदा सवड नसते.

खरा धोका पुढच्या आठवड्यात असतो. पांढऱ्या पेशी घटतात. ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला तर मध्यरात्रही असो, रुग्णालय गाठावे लागते. म्हणजे रुग्णाने रुग्णालयाजवळ, स्वच्छ जागेत राहिले पाहिजे. मुंबईत ही जागा कोठे आहे? परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरचा पदपथ आपण पाहिलेला आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने असंख्य रुग्णांना आसरा दिला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु धर्मशाळेच्या पुण्याईवर शासनाने आपली जबाबदारी ढकलणे योग्य नव्हे.

औषधाचे पैसे योजना देते. खोलीभाडे, जेवण आणि मुलाबरोबर बापाचीही बुडालेली मजुरी कोणी देत नाही. आमच्या अर्थशास्त्रात याला अप्रत्यक्ष खर्च म्हणतात. मजुराच्या घरात मात्र याहून प्रत्यक्ष खर्च दुसरा नाही. तिसऱ्या-चौथ्या सलाईनला तो आला नाही की कागदावर ‘रुग्ण अनुपस्थित’ एवढीच नोंद होते.

राज्य कामगार विमा योजनेत कर्करोगासाठी विस्तारित आजारलाभ आहे: वेतनाच्या 80 टक्के, कमाल दोन वर्षे. त्याची अट मात्र दोन वर्षांच्या सलग विमाकृत नोकरीची! 22 वर्षांच्या, दर काही महिन्यांनी कंत्राटदार बदलणाऱ्या तरुणाने ती कोठून आणावी? ज्या वयात हा रोग येतो, त्याच वयाला ही अट बाहेर ठेवते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कर्करोगाच्या बाबतीत ही अट रद्द करावी. उपचारकाळात रुग्ण व एका सोबत्यास निर्वाह भत्ता द्यावा. 2025-26 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. तिचा पाठपुरावा प्रत्येक जिल्ह्यात आपण केला पाहिजे. प्रशिक्षित परिचारिका आणि रात्री रक्त तपासणारी प्रयोगशाळा नसेल, तर ते केंद्र म्हणजे नुसती पाटी होय.

आणि ते होईपर्यंत? आपल्या तालुक्यात कोणी तरुण पहिल्या सलाईनला निघाला असेल, तर योजनेचे कागद, रेल्वेच्या सवलतीचा दाखला आणि राहण्याची जागा एवढे तरी निघण्यापूर्वी त्याच्या हाती पडेल, ही जबाबदारी शाखेने घ्यावी. बऱ्या होणाऱ्या रोगाने माणूस दगावतो, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर कारण रोगाचे लिहिले जाते. खरे कारण लिहून घेण्याचे काम आपले आहे.