रिकामा हंडा
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं 'कलेची बांधिलकी' या विषयावर बोलायला सांगितलंय. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांना सवड पण आहे. मी एका चार मिनिटांच्या व्हिडिओवर बोलणार आहे. तो आम्ही केला, आटगावला दाखवला आणि तिथं आमची कशी जिरली ते सांगतो.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागतो. आम्ही पाच जण. गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरलं, विषय पाणी. आटगाव माझं आजोळ. कसारा लोकलवरचं स्टेशन, तालुका शहापूर. मे महिन्यात तिकडं गेलो की आजी म्हणायची, अंघोळ उद्या. तो उद्या काही यायचा नाही. म्हणजे विषय माझ्या अंगावरच्या मळाचा होता, पुस्तकातला नव्हता. तरी मी गाणं लिहिलं ते पुस्तकातलंच. 'तानलेली माती बोल' असं धृपद. मित्रानं संगणकावर ताल बांधला, मी रॅप केला. दोन दिवस आटगावला जाऊन चित्रण केलं, उरलेली दृश्यं इंटरनेटवरनं उचलली. कॉलेजात टाळ्या पडल्या, मार्क पडले. परीक्षक म्हणाले, दृश्यं फार बोलकी आहेत. आम्ही हवेत.

मग मामा म्हणाला, ज्यांचं काढलंत त्यांना दाखवाल की नाही?

समाजमंदिराची भिंत, भाड्याचा प्रोजेक्टर, लग्नातला स्पीकर. वाडीतली माणसं होती, शेजारच्या पाड्यावरचे ठाकूर, कातकरी पण आले होते. व्हिडिओ संपला. मी माईक घेऊन विचारलं, कसा वाटला? माणसं म्हणाली, छान हाय. काय सुधारायला पाहिजे? काय नाय, छान हाय. च्यायला, मला वाटलं जिंकलो. नंतर कळलं, माईक धरून उभा राहिलेल्या माणसाला आपली माणसं 'छान हाय'च म्हणतात. ग्रामसेवकाला म्हणतात, पुढाऱ्याला म्हणतात, सर्व्हे करायला आलेल्या पोरींना म्हणतात. मी पण त्याच रांगेत उभा होतो.

माईक बंद झाला, चहा आला, आणि मग माणसं बोलायला लागली.

पहिली बोलली एक मावशी. म्हणाली, "पोरा, तो हंडा रिकामा हाय." मी म्हटलं, कुठला? "तुझ्या शिनेमातला. भरल्या हंड्याची बाई अशी मान वळवून हसत नाय. तिची मान ताठ ऱ्हाते, पाय घासत पडतो, आणि पानी हिंदकळून खांद्यावर येतं. हिचा खांदा कोरडा हाय." बरोबर होतं. आमच्या वर्गातल्या मुलीच्या डोक्यावर आम्ही रिकामा हंडा दिला होता, तिची मान दुखू नये म्हणून. कॉलेजातल्या दोनशे माणसांत एकालाही ते दिसलं नव्हतं.

मग एका म्हाताऱ्या काकांनी मातीचं काढलं. व्हिडिओत भेगाळलेली जमीन होती, हातहात भेगा. "ही जमीन कुठली?" मी गप्प. "ही काळी हाय. आमची नाय. आमच्याकडं मुरूम, तांबडी माती. आणि पाऊस पडत नाय असं कोण म्हनतो?" दोस्तहो, शहापूर तालुक्यात वर्षाला शंभर इंचांच्या घरात पाऊस पडतो. तानसा धरण याच तालुक्यात, १८९२ साली बांधून झालेलं, मुंबईसाठी. भातसा याच तालुक्यात, मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी त्या एका धरणाचं. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. हा दुष्काळ नव्हे, ही वाटणी आहे. आम्ही मात्र दुसऱ्या कुठल्या तरी मुलखातली भेगाळलेली काळी माती आणून चिकटवली आणि सगळा दोष ढगांवर ढकलला. सरकारला याहून सोयीचं गाणं कुठलं? व्यवस्थेवर कोरडे ओढायला निघालेली पोरं आम्ही, आणि चार मिनिटांत व्यवस्थेचं नाव नाही!

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते. विहिरीत उतरणाऱ्या एका मुलीचं दृश्य होतं. कपडे भिजलेले, बाही फाटकी. परीक्षकांना तेच सगळ्यात आवडलं होतं. आम्ही तिला विचारलं होतं, काढू का? तिनं मान हलवली होती. तिची आई आली आणि एवढंच म्हणाली, "तिचं लगीन ठरवतोय. तुझ्या बहिणीची फाटकी बाही दाखवली असतीस का भिंतीवर?" आम्ही ते दृश्य काढलं. यावर आमच्यात अजून भांडण आहे. आमच्यातला एक म्हणतो, फाटकं ते फाटकं दाखवायचं, वास्तव आहे. मला वाटतं, वास्तव आहे पण ते तिचं आहे, तुझ्या मार्कांचं नाही.

गाण्याबद्दल गायन पार्टीतले एक जुने गायक बोलले. तुमचा ताल पळतोय, शब्द मागं राहतात. कोरसनं उचलायची ओळ आली की तुम्ही चित्र बदलता, माणूस चित्र बघतो आणि ओळ सुटते. या माणसानं आयुष्यभर रात्र रात्र लोकांसमोर गाऊन हे कमावलंय. भीमराव कर्डकांचा जलसा असो की १९४४ सालचं अण्णा भाऊ, अमर शेख, गव्हाणकरांचं लालबावटा कलापथक, समोर माणसं बसलेली असायची. कंटाळली तर उठायची, आणि गाणाऱ्याला त्याच रात्री कळायचं. आमच्यासमोर कॅमेरा होता. कॅमेरा उठून जात नाही. आनंद पटवर्धनांनी विलास घोगरेंच्या मृत्यूपासून सुरुवात करून 'जयभीम कॉम्रेड' १४ वर्षं खपून केला, २०११ साली पुरा झाला, आणि तो वस्त्यावस्त्यांत नेऊन दाखवला. ते का, हे मला आटगावात समजलं.

रात्री स्टेशनवर लोकलची वाट बघत होतो. पोहोचवायला एक दादा आले होते. म्हणाले, मी पाइपच्या त्या टोकाला राह्यलोय. विद्याविहारला तानसाच्या पाइपलाइनलगत त्यांची झोपडी होती. हायकोर्टाच्या आदेशानंतर त्या पाइपलगतच्या झोपड्या तोडल्या आणि हजारो कुटुंबं माहुलला, रिफायनरीच्या धुरात नेऊन टाकली, हे तुम्हाला माहीत आहे. दादा माहुलला जगले नाहीत, आटगावला परत आले. "पाइप इथनं निघतो तेव्हा आमी तहानलेले, तिथं पोचतो तेव्हा आमी अतिक्रमन." हे त्यांनी सहज सांगितलं, बिडी पेटवता पेटवता. मी तीन कडवी लिहून जे म्हणू शकलो नव्हतो ते.

आणि पोरं! वाडीतली पोरं स्टेशनपर्यंत आमचं धृपद ओरडत आली. पण चुकीचं. स्पीकर फाटका, त्यांना 'तानलेली' ऐकूच गेलं नव्हतं. ती म्हणत होती, 'तानसाची माती बोल'. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. धृपद तेच ठेवलं.

पावसाळ्यानंतर दुसऱ्यांदा गेलो. नव्या व्हिडिओत काळी माती नाही. जुलैचा पाऊस आहे, भरून वाहणारं तानसा आहे, पाइप आहे, पाइपची दोन्ही टोकं आहेत. ताल निम्म्यावर आणला, ढोलकी त्या गायककाकांची. या वेळी मी 'कसा वाटला' विचारलं नाही. काय आठवतंय ते विचारलं, आणि माईक आणलाच नव्हता.

हंड्याची मावशी पुढंच बसली होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आता भरलेला हाय. पन तुमी चार मिन्टांत चार फेऱ्या दाखवल्या. एका फेरीला माझा पाऊन तास जातो. तो कुठं गेला?"

तिसरा व्हिडिओ तिथं अडकलाय. चार मिनिटांच्या गाण्यात पाऊण तास कसा घालायचा, कुणाला सुचलं तर चहाच्या वेळी सांगा. आत्ता नको, आत्ता माझ्या हातात माईक आहे.